फाल्गुनातली पितृरजा

हंगेरीतल्या बाईला बाळंतपणानंतर किती सुटी मिळते, ते आमच्या बडेबाबूंना तोंडपाठ होतं. पण स्वतःच्या धाकट्या पोराचं वय विचारलं, की ते घराच्या दिशेला मान वळवून बायकोला हाक मारत. मी त्यांच्या हाताखाली साकोलीत सहा वर्षं काढली. त्या सहा वर्षांत ते मला निदान सहाशे वेळा नकोसे झाले असतील, आणि एकदा तर इतके, की त्यांच्याच टेबलावरची दौत उचलून त्यांच्या डोक्यात घालावी असं मनापासून वाटलं. दौत उचललीही होती. पण ती सरकारी होती, फुटली असती तर त्यांनी माझ्याकडून लेखी खुलासा घेतला असता, म्हणून परत ठेवली.

ऑफिस कोणतं ते सांगत नाही. सरकारी होतं, हायवेला लागून होतं, आणि रायपूरकडे ट्रक गेला की खिडक्यांची तावदानं खडखडत, एवढं पुरे. वर एक साहेब, मध्ये बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क, खाली आम्ही दोन-तीन कारकून आणि सगळ्यांच्या खाली, पण सगळ्यांपेक्षा शहाणा असा एक चपराशी. साहेब बदलत राहायचे. बडेबाबू मात्र तिथेच, त्याच खुर्चीत, त्याच पांढऱ्या सदऱ्यात.

सरकारी खरेदीचा एक नियम असतो. तीन दुकानदारांकडून भाव मागवायचे, कागदावर रकाने आखून ते शेजारी शेजारी मांडायचे, आणि मग ठरवायचं. या कागदाला म्हणतात तुलनात्मक तक्ता. बाकीची दुनिया हा नियम ऑफिसात पाळते, किंवा पाळल्यासारखं दाखवते. बडेबाबूंनी तो अंगाला लावून घेतला होता. बाजाराच्या दिवशी वांगी घ्यायची तर तीन बायकांना भाव विचारायचे, खिशातल्या वहीत लिहायचे, विचार करायचे आणि मग पहिलीकडे परत यायचे. तोवर तिची वांगी संपलेली असत. मोठ्या मुलीसाठी स्थळं पाहिली तेव्हाही तीन स्थळांचा तक्ता झाला होता, आणि त्यात 'मुलाचे नाक' असा एक रकाना होता म्हणतात. कोणी काही वाद घातला, की ते एकच बोलत, "तक्त्यावर घ्या." चहात साखर कमी आहे म्हटलं तरी, "कशापेक्षा कमी? तक्त्यावर घ्या."

हे सगळं वांग्यांपर्यंत राहिलं असतं तर कोणाची काही तक्रार नव्हती. पण एकदा खेड्यावरच्या एका ग्रामसेविकेचा बाळंतपणाच्या रजेचा अर्ज आमच्याकडे आला. नव्वद दिवस. नियमात नव्वदच होते. कोणीही शहाणा माणूस सही करून कागद पुढे सरकवतो. बडेबाबूंनी पेन उघडलं, टोपण परत लावलं आणि विचारलं, "नव्वदच काहून?"

"नियम आहे जी," मी म्हणालो.

"ते मले माहीत आहे. पण ज्यानं ठरवलं त्यानं नव्वदच काहून ठरवले? शंभर काहून नाही? त्यानं तीन ठिकाणचे भाव मागवले होते काय?"

मला तेव्हा वाटलं, चहा आला की विसरतील. ते विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिल्लीतल्या तीन परदेशी वकिलातींना पत्रं लिहिली. आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत, 'आय हॅव द ऑनर टू रिक्वेस्ट' वगैरे, की आपल्या देशातील बाळंतिणीस किती दिवसांची सुटी दिली जाते ते उलट टपाली कळवावे. दरपत्रक मागवतात तसं. तिकिटं मात्र स्वतःच्या पैशाची लावली, कारण ऑफिसची तिकिटं वापरणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

आणि त्या लोकांनी उत्तरं पाठवली! हेच मला अजून पटत नाही. आम्ही भंडाऱ्याला तीन-तीन स्मरणपत्रं पाठवायचो, उत्तर यायचं नाही. पण रशियाने पाठवलं, हंगेरीने पाठवलं, स्वीडनने तर चकचकीत कागदावरची पुस्तिकाच पाठवली, तिच्यात सोनेरी केसांचा एक धिप्पाड माणूस पोराला पाठीवर घेऊन चालला होता. मग बडेबाबूंना चेव आला. तिनाचे सात देश झाले, सातांचे अकरा. फुलस्केप कागद डिंकाने जोडून जोडून तक्ता लांबत गेला. रकाने असे: देश, आईला किती, बापाला किती, पगार पुरा की अर्धा, आणि शेवटी शेरा. रशियाला आधी छप्पन दिवस आणि नंतर छप्पन. हंगेरीत पोर तीन वर्षांचं होईस्तोवर आई घरी राहू शकते. स्वीडनात सहा महिने, आणि ते आई-बापाने आपसात वाटून घ्यायचे. अमेरिकेच्या रांगेत 'निरंक'. म्हणजे काही नाही. या निरंकावर बडेबाबू फार खूश असत. "एवढा मोठा देश," ते म्हणत, "अन् आपली ग्रामसेविका त्यांच्याहून नव्वद दिवसांनी पुढे आहे."

भारताच्या रांगेत आईपुढे नव्वद, आणि बापापुढे तेही निरंकच.

हे नुसतं लिहून ठेवलं असतं तरी चाललं असतं. ते बोलून दाखवत. मी वार्षिक अहवालाच्या आकड्यांत मान घालून बसलेलो, आणि पलीकडून आवाज यायचा, "आता स्वीडनमंधी पाय, बाप सुटी घेऊन घरी बसते. तो काय करत असेल बरं?" एक, सदतीस, चारशे बारा... आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून. आमचा चपराशी लिहिता-वाचता फारसं येत नसलेला, पण कान तिखट. त्याने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबू, हे सुईणीचं गाव कुठी आलं जी? तुमसराकडे का?" त्याला ते 'सुईडन' ऐकू येत होतं. मी त्याला खुलासा केला नाही. त्याची समजूत माझ्या समजुतीपेक्षा बरी होती.

आणीबाणी लागली तेव्हा परदेशी पाकिटांची बातमी पोलिसांपर्यंत गेली. एक हवालदार चौकशीला आला. आम्ही सगळ्यांनी माना कागदांत घातल्या.

"बाबू, तुमाले रशियातून पाकिटं येऊन राहिली म्हनते."

"हो. हंगेरीतूनही येऊन राहिली," बडेबाबू म्हणाले. "बसा. घरी बाईमाणूस कितव्या महिन्यात आहे?"

हवालदार दचकला. "सातव्या. तुमाले कोनं सांगतलं?"

कोणी सांगितलं नव्हतं, ते सगळ्यांनाच विचारत. पण मग त्याला खुर्ची दिली, तक्ता टेबलावरून जमिनीपर्यंत सोडला आणि पाऊण तास समजावून सांगितला. हवालदार जाताना इतकंच म्हणाला, "आमाले तं एक दिवस नाही भेटत जी." चौकशीचा कागद पुन्हा कधी आला नाही.

तुम्हाला वाटेल, या माणसाच्या आयुष्यात काहीतरी घडलं असणार. बायको बाळंतपणात गेली असेल, पोर दगावलं असेल. आम्हालाही तसंच वाटत होतं, आणि म्हणून सुरुवातीला आम्ही त्यांना सांभाळून घेत होतो. मग एकदा काही कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. बायको ठणठणीत, चार मुलं ठणठणीत. मी बाईंना म्हटलं, बडेबाबूंना बाळंतिणींची फार काळजी आहे. त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून त्या इतक्या हसल्या, की आतून मुलगी पाहायला आली.

"चार लेकरं झाले बाबू," त्या म्हणाल्या, "एकाच्या बी वेळी हा मानूस घरी नव्हता. एकाचं ढुंगण नाही धुतलं कधी. लेकरू मांडीवर द्याले गेलं तं म्हने, पडन, तूच धर."

बडेबाबू तिथेच बसले होते. त्यांनी नाकारलं नाही. "रजा काढून काय करायचं असते ते मले माहीत नव्हतं," ते म्हणाले, "म्हणून काढली नाही." आणि मला कागद मागितले. त्या दिवसापासून आम्ही सांभाळून घेणं बंद केलं.

त्यांचा दुसरा छळ म्हणजे खरेपणा. सरकारी नोकरीत रजेची एक सर्वमान्य भाषा असते. शेतात रोवणी आली की कारकुनाचं पोट दुखतं, घरी लग्न निघालं की त्याला हगवण लागते. डॉक्टर सर्टिफिकेट देतो, साहेब सही करतो, कोणाचं काही बिघडत नाही. बडेबाबू ते सर्टिफिकेट हातात धरून टेबलापाशी यायचे. "परवा तुले हगवण होती. आज भजे कसा काय खाऊन राहिला?" भजं घशात अडकायचं. असा माणूस हेडक्लार्क असला की अख्ख्या ऑफिसाला निरोगी राहावं लागतं.

आता माझं सांगतो.

माझी बायको चिखल्याची. तिचा भाऊ तिथल्या मँगनीजच्या खाणीत होता, म्हातारी आई त्याच्याजवळ. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे घरात मोठी बाई नाही. पहिल्या वेळी ती रीतीप्रमाणे माहेरी गेली. मुलगी झाली. तार माझ्या हातात पडली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, साहेबांची परवानगी मिळायला एक दिवस गेला, साकोली-भंडारा-तुमसर अशा गाड्या बदलत मी पोचलो तो चौथा दिवस होता. मुलगी तिसऱ्या दिवशीच गेली होती. पुरूनही झालं होतं. मी तिचं तोंड पाहिलं नाही.

बायकोने तेव्हा मला काही म्हटलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले तेव्हा म्हणाली. चिखल्याला जायला निघताना बसमध्ये चढण्याआधी म्हणाली, "मांगच्या खेपेले तुमी आले तं मी तुमाले खड्डा दाखवला. या खेपेले लेकरू दाखवाचं आहे. आधी येऊन राहा."

मी हो म्हणालो. आणि दिवस भरत होते नेमके मार्चअखेर. एक तर हिशेब बंद करायचे दिवस, त्यात आणीबाणी. साहेबांनी सगळ्यांच्या रजा रद्द करून टाकलेल्या, विनापरवाना गैरहजर राहिला की थेट निलंबन, अशी तंबी फळ्यावर लिहिलेली. फक्त आजारी माणसाला सूट. मी माझ्या ओळखीच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, कावीळ देतो, वीस दिवस कोणी जवळ येणार नाही. मी कावीळ घेऊन बडेबाबूंच्या टेबलाशी उभा राहिलो.

त्यांनी माझे डोळे पाहिले. "पिवळे नाहीत."

"बडेबाबू, हात जोडतो. तुम्हाला सगळं माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच. तू बाप होणार आहे. कावीळ कायले लिहितो? खरं लिही."

"खऱ्याला रजा नाही!"

"मागितलीच नाही कोणी, तर असणार कशी? आजपर्यंत एकानंही अर्ज केला नाही. माझ्याजवळ तक्ता आहे. आठ दिवसांत मंजुरी आणतो."

त्यांनी माझ्या हातातली कावीळ घेऊन स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि अर्ज स्वतः लिहिला. अशा रजेला नाव नव्हतं. ते त्यांनी पाडलं. बाळंतिणीची ती प्रसूतिरजा, तर बापाची ती पितृरजा. 'माझ्या पत्नीचे दिवस भरत आल्याने मला फाल्गुन महिन्यात वीस दिवसांची पितृरजा मंजूर व्हावी. इतर देशांतील प्रथेचा तुलनात्मक तक्ता सोबत जोडला आहे.' साहेबांनी भीतीपोटी 'वरिष्ठांच्या निर्णयार्थ' असा शेरा मारला आणि कागद भंडाऱ्याला ढकलला.

त्या क्षणी माझे परतीचे दोर कापले गेले. कारण आता मला त्याच तारखांना कावीळ झाली असती, तर शेंबड्या पोरानेही विश्वास ठेवला नसता. मला नेमकी केव्हा सुटी हवी आणि कशासाठी, हे लेखी, तक्त्यासकट, जिल्ह्यापर्यंत गेलं होतं.

आठ दिवस झाले. बारा झाले. मी रोज डाक फोडताना बडेबाबूंकडे पाहायचो, ते रोज म्हणायचे, "वाचून राहिले असतील. तक्ता लांब आहे." सोळाव्या दिवशी उत्तर आलं. ते मला आजही शब्दशः पाठ आहे.

'संदर्भीय अर्ज पाहिला. पितृपंधरवडा भाद्रपद महिन्यात येत असता अर्जदाराने तो फाल्गुनात मागितल्याचे कारण कळत नाही. तसेच सोबतच्या तक्त्यातील रशिया, स्वीडन आदी देशांत सदर विधी होत असल्याचे ऐकिवात नाही. एकाच कुटुंबात वीस दिवस पुरतील इतके पितर कसे, याचाही खुलासा व्हावा. सबब अर्ज परत.'

चपराशी तोंडात पंच्याचा बोळा कोंबून बाहेर पळाला. दुसरा कारकून टेबलाखाली काही पडल्यासारखा वाकला तो वर येईना. मी हसलो नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण बडेबाबू पाहा! त्यांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि गंभीरपणे म्हणाले, "शब्दाचा दोष झाला. दुरुस्त करून पाठवू." आणि लगेच कच्चा मसुदा लिहायला बसले. मी मागून वाचला. पहिलंच वाक्य होतं, 'पितृ या शब्दाचा अर्थ बाप असा असून तो मेलेलाच असला पाहिजे असे नाही.'

दौतीचा प्रसंग तो हाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा मेहुणा दारात उभा. खाणीतून सुटी टाकून, तीन गाड्या बदलून आला होता. कपाळावर धूळ. "भाटोजी, दाई म्हनते आज नाही तं उद्या. ताई तुमाले विचारून राहिली. चाला."

साहेब त्या दिवशी भंडाऱ्याला बैठकीला गेले होते. मी उठलो, कागदांवर वजन ठेवलं. बडेबाबू म्हणाले, "खुलासा टायपाला दिला आहे. परवाच्या डाकेनं जाईल. दोन दिवस थांबला असता तर..."

मग माझा तोल गेला. मोठ्या माणसाशी असं बोलू नये हे मला तेव्हाही कळत होतं. मी म्हणालो, "तुम्ही थांबा! तुमची चार पोरं झाली तेव्हा तुम्ही कुठे होतात? तुम्हाला अकरा देशांचं ठाऊक, स्वतःच्या घरातलं ठाऊक नाही. तुमच्या तक्त्यापायी मी हेही लेकरू गमावायचं का?"

बडेबाबू समोरच्या टेबलाकडे बोट करून म्हणाले, "इथंच होतो. याच टेबलावर." आवाज अगदी साधा होता. मग त्यांनी मस्टर ओढलं. "तुझ्या नावापुढे काय लिहू? खोटं मी लिहिणार नाही."

"मेला म्हणून लिहा!" मी ओरडलो. "म्हणजे तरी पितृरजा मंजूर होईल!" आणि मेहुण्याचा हात धरून बाहेर पडलो.

आम्ही चिखल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो, शेवटचा पल्ला खाणीच्या ट्रकमध्ये बसून. दुपारी मुलगी झाली. दाईने तिला पुसून माझ्या हातात दिली, कारण घरात हात रिकामे असलेला मी एकटाच होतो. लाल, सुरकुतलेली, रागावलेली. मी पाहत राहिलो. पहिलीचं नाक असंच होतं का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं, पण मी विचारलं नाही. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"पायलं?" बायकोने आतून विचारलं.

"पाहिलं."

"मंग आता पानी आना. दोन घागरी."

नोकरी गेली असं धरूनच मी तिथे चौदा दिवस राहिलो. म्हातारीला डोळ्यांनी दिसत नव्हतं, मेहुण्याची पाळी असायची. पाणी मी भरलं, शेक-शेगडी मी केली, लंगोट मी धुतले. खाणीच्या कॉलनीतल्या बाया नळावर मला पाहून पदर तोंडाला लावायच्या. तिसऱ्या रात्रीपासून मी हसणाऱ्या बायांकडे बघायचंही सोडलं, इतकी झोप यायची. तिसरा दिवस गेला, चौथा गेला, मुलगी राहिली.

पंधराव्या दिवशी साकोलीला उतरलो तो निलंबनाच्या तयारीने. आधी मस्टर उघडलं. माझ्या नावापुढे लाल फुली नव्हती. चौदाही रकान्यांत बडेबाबूंच्या वळणदार अक्षरात 'हजर' लिहिलं होतं, आणि शेऱ्यात, 'कामावर. चिखला.'

मी मस्टर उचलून त्यांच्या टेबलावर ठेवलं. "बडेबाबू, हे काय लिहिलंत? मी तिथे लंगोट धूत होतो!"

"मग?" त्यांनी मान वर केली. "ते काम नाही काय?" थट्टा नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "किती वाजता उठावं लागते? दिवसाले किती लंगोट?"

साहेबांनाही त्यांनी हेच विचारलं म्हणे. मस्टरवरची नोंद पाहून साहेबांनी ती खोडायला सांगितली, तर हे त्यांना म्हणाले, "तो कामावर नव्हता असं तुम्ही लिहून द्या, मी खोडतो." साहेबांनी लिहून दिलं नाही. त्यांनी वर कळवलं. नोंद माझ्या हातची नसल्यामुळे मी लेखी ताकिदीवर सुटलो. बडेबाबूंना मेमो आला, आणि पाठोपाठ बदलीचा हुकूम. चांद्याच्या पार टोकाला, जिथून पुढे रस्ता नाही अशा गावी. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना.

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. मला त्यांचा राग आला. कोणी सांगितलं होतं? ती कावीळ पुढे सरकवली असती तर मी निवांत चिखल्याला पोचलो असतो आणि ते साकोलीच्या खुर्चीतून निवृत्त झाले असते. एक खोटा कागद चालला नाही, म्हणून स्वतःच्या आयुष्याची अशी माती! मी त्यांच्यापुढे जाऊन हे बोललोही. "तक्त्यावर घेऊन पाहा," ते म्हणाले, "एकीकडे माझी बदली, एकीकडे..." आणि आपलं कपाट आवरायला लागले.

ते निघाले तेव्हा जूनची सुरुवात होती. बस स्टँडवर मी आणि बायको पोचवायला गेलो, मुलीला घेऊन. एक ट्रंक, वळकटी, दोन पिशव्या. बाईंनी मुलीला उचललं, तिची दृष्ट काढल्यासारखं बोटं मोडली आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "आपल्या चौघाइच्या वेळी नाही राहिला घरी. तुह्या लेकरापायी जंगलात चालला." आवाजात राग किती आणि काय दुसरं, मला कळलं नाही. मग त्यांनी सुरई उचलली. "मी पानी भरून येतो. धरा हिले," असं म्हणून त्यांनी पोर सरळ नवऱ्याच्या हातात दिलं आणि माझ्या बायकोला घेऊन नळाकडे गेल्या.

बडेबाबूंनी तिला मस्टर धरतात तसं दोन्ही हातांवर, अंगापासून लांब धरलं. ती रडायला लागली. "अरे, घे हिले," ते मला म्हणाले. "मले येत नाही. पडन."

मी हात मागे बांधले. "नाही घेत."

"घे ना बाप्पा! लोक पाहून राहिले!"

"मान हाताने धरा. छातीशी घ्या. अजून जवळ."

त्यांनी घेतलं. चष्मा नाकावर घसरला, तो वर करायला हात मोकळा नव्हता. सदऱ्यावर लाळ गळली. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिले आणि घशातून कसलासा आवाज काढू लागले, तो आवाज मी सहा वर्षांत कधी ऐकला नव्हता. "किती वेळ धरायचं असते?" त्यांनी घाबऱ्या घाबऱ्या विचारलं.

"स्वीडनात सहा महिने," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. रडणं हळूहळू थांबलं होतं, आणि ते आपला पाय बदलायचंही थांबले होते.

गाडी लागली. ट्रंक टपावर चढली. बाई सुरई घेऊन आल्या, माझ्या बायकोने हात पुढे केले. कंडक्टरने घंटी मारली, मग पुन्हा मारली, मग पायरीवरून ओरडला, "ओ बाबा, येता का सोडू गाडी?"

"थांब की लेका," बडेबाबू जागचे न हलता, अगदी हळू आवाजात म्हणाले. "आत्ताच झोपली."